वय वाढतं तसा डोळ्याच्या पडद्याला प्राणवायू का कमी पडतो?

घरातल्या वडीलधाऱ्यांना कमी दिसायला लागलं की आपल्याकडे दोनच गोष्टी गृहीत धरल्या जातात. चष्म्याचा नंबर वाढला असेल, नाहीतर मोतीबिंदू आला असेल. दोन्ही दुरुस्त होण्यासारख्या गोष्टी असल्यामुळे घाई कुणीच करत नाही. रमजान होऊ दे, लग्न उरकू दे, मुलगा आखातातून सुट्टीवर येऊ दे, मग बघू, असं चालतं. पण तिसरी एक शक्यता असते आणि ती थांबायला वेळ देत नाही. ती म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा आजार. मोतीबिंदूमुळे गेलेली नजर ऑपरेशनने परत मिळते. पडद्याच्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत.

पडद्याचे बहुतेक मोठे आजार एका साध्या गोष्टीपाशी येऊन थांबतात. पडद्याला जेवढा प्राणवायू लागतो, तेवढा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. वय, शुगर, ब्लडप्रेशर आणि तंबाखू या चारही गोष्टी हाच पुरवठा बिघडवतात. याबद्दल संशोधनातून काय कळलं आहे आणि पनवेल परिसरातल्या कुटुंबांनी त्यातून काय घ्यायचं, ते आम्ही इथे एकत्र मांडत आहोत.

पडदा किती खातो

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला साधारण पाव मिलिमीटर जाडीचा नाजूक थर असतो. त्यालाच आपण पडदा म्हणतो, पुस्तकी मराठीत दृष्टिपटल. कॅमेऱ्यातल्या फिल्मची उपमा नेहमी दिली जाते, पण फिल्म निर्जीव असते. पडदा हा मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे. त्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात. अंधुक उजेडात काम करणाऱ्या नऊ ते बारा कोटी, आणि रंग व बारीक अक्षरं ओळखणाऱ्या सुमारे साठ लाख.

वजनाच्या मानाने पाहिलं तर शरीरातल्या सर्वात जास्त प्राणवायू वापरणाऱ्या भागांत पडद्याची गणना होते. त्यातही एक नवल आहे. आपल्याला वाटतं की अंधारात, डोळे मिटल्यावर पडदा विश्रांती घेत असेल. प्रत्यक्षात उलट घडतं. अंधुक उजेडाच्या पेशी अंधारात विजेचा प्रवाह सतत चालू ठेवतात आणि उजेड पडला की तो कमी करतात. त्यामुळे रात्री त्यांची प्राणवायूची मागणी वाढते. प्राण्यांवर केलेल्या मोजमापांत अंधारात पडद्याच्या बाहेरच्या भागातला प्राणवायू जवळजवळ शून्यावर आलेला दिसला आहे. म्हणजे निरोगी डोळासुद्धा रोज रात्री अगदी कडेवर चालत असतो. शिल्लक फार नसते, म्हणून पुरवठ्यात थोडी घट झाली तरी फरक पडतो.

पुरवठा दोन बाजूंनी

पडद्याला रक्त दोन वाटांनी मिळतं. आतल्या थरांना एक बारीक धमनी आणि तिच्या फांद्या रक्त देतात. डॉक्टर डोळ्यात प्रकाश टाकून पाहतात तेव्हा त्यांना याच फांद्या दिसतात. बाहेरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या थराला मागून रक्त मिळतं. तिथे रक्तवाहिन्यांचा एक दाट गालिचा पसरलेला असतो, त्याला कोरॉइड म्हणतात. डोळ्यात येणाऱ्या रक्ताचा मोठा हिस्सा या गालिच्यातून वाहतो.

ज्या जागेने आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, समोरच्याचा चेहरा ओळखतो, ती पडद्याच्या मधोमध असते. तिला मॅक्युला म्हणतात. तिच्या अगदी केंद्रात स्वतःची एकही रक्तवाहिनी नाही, कारण रक्तवाहिनी आली तर प्रकाशाच्या वाटेत येईल. हे केंद्र पूर्णपणे मागच्या गालिच्यावर अवलंबून आहे. मागचा पुरवठा बिघडला की पहिला फटका बसतो तो अक्षरांना आणि चेहऱ्यांना.

वयाबरोबर काय बदलतं

वय वाढणं हा आजार नाही, पण डोळ्याच्या मागे काही बदल मोजता येतात. चीनमधल्या बीजिंग आय स्टडीत ५० वर्षांवरच्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या कोरॉइडची जाडी मोजली गेली. सरासरी जाडी सुमारे २५४ मायक्रॉन होती, म्हणजे पाव मिलिमीटर, आणि वयाच्या प्रत्येक वर्षामागे ती साधारण ४ मायक्रॉनने कमी आढळली. गालिचा असा झिजत जातो.

त्या गालिच्याच्या आणि पडद्याच्या मध्ये एक गाळणीसारखा पातळ थर असतो. वयाबरोबर तो जाड होतो, त्यात चरबी साचते. प्राणवायू आणि अन्न आत जायला व कचरा बाहेर यायला अडचण होते. साचलेल्या कचऱ्याचे पिवळे ठिपके डॉक्टरांना तपासणीत दिसतात. दान केलेल्या डोळ्यांच्या अभ्यासात असंही आढळलं की तरुण वयापासून नव्वदीपर्यंत मध्यभागातल्या अंधुक उजेडाच्या सुमारे ३० टक्के पेशी कमी होतात, तर रंगांच्या पेशी बऱ्याच टिकून राहतात. नानी दिवसा नीट वावरतात, पण मगरीबनंतर जिन्यावर चाचपडतात, यामागे हे एक कारण असू शकतं. "घाबरतात" म्हणून सोडून देऊ नये.

आपल्या महाराष्ट्रातही मोठं काम झालं आहे. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे डॉ. योस्ट योनास यांनी नागपूरजवळच्या खेड्यांत ३० वर्षांवरच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले. सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी या नावाने तो जगभर ओळखला जातो. मॅक्युलाची झीज, पडद्याच्या शिरेत रक्त साकळणं, मधुमेहाचा पडद्यावर परिणाम हे शहरातल्या श्रीमंतांचे आजार नाहीत, शेतात राबणाऱ्यांनाही ते होतात, हे त्यातून नोंदलं गेलं.

शुगर: पडदा मदतीची हाक मारतो तेव्हा

मधुमेहात पडद्याच्या सर्वात बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. काही गळतात, काही बंद पडतात. बंद पडलेल्या भागातल्या पेशी उपाशी राहतात आणि एक रासायनिक संदेश सोडतात: इकडे रक्त पाठवा. असा काहीतरी पदार्थ असावा, असा अंदाज आयझॅक मायकेलसन या नेत्रतज्ज्ञांनी १९४८ साली मांडला होता. तो पदार्थ शेवटी १९८९ मध्ये ओळखला गेला. त्याला व्हीईजीएफ म्हणतात. प्राणवायू कमी झाल्याचं पेशीला कसं कळतं हे शोधणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं.

दुर्दैव असं की या हाकेला उत्तर म्हणून उगवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या कच्च्या असतात. त्या फुटतात, डोळ्यात रक्त उतरतं, पडदा ओढला जाऊन सुटतो. आणि हे सगळं होईपर्यंत माणसाला दिसत असतं. दुखत नाही, लाल होत नाही, वाचताही येतं. "मला तर चांगलं दिसतंय, तपासायचं काय?" हा प्रश्न म्हणूनच धोक्याचा आहे.

हे किती जणांना होतं? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्मार्ट इंडिया या देशव्यापी पाहणीत ४० वर्षांवरच्या मधुमेहींपैकी १२.५ टक्के लोकांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम होता, आणि ४ टक्क्यांची नजर जाण्याचा धोका होता. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आदित्य ज्योत संस्थेने डॉ. एस. नटराजन यांच्या मार्गदर्शनाखाली केलेल्या पाहणीत हे प्रमाण सुमारे १५ टक्के निघालं. म्हणजे साधारण दर सात-आठ मधुमेहींमागे एक. आपल्या ओळखीतले शुगरचे पेशंट बोटांवर मोजून पाहा.

अचानक नजर जाणं: इथे तास मोजले जातात

काही वेळा एका डोळ्याची नजर क्षणात जाते. दुखत काहीच नाही. पडद्याच्या मुख्य धमनीत गुठळी अडकलेली असू शकते. हा डोळ्याचा पक्षाघातच म्हणायचा. पंजाबात जन्मलेले आणि अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात काम केलेले डॉ. सोहनसिंग हायरे यांनी वयस्क माकडांवर प्रयोग करून पाहिलं की रक्त थांबल्यावर पडदा किती वेळ टिकतो. सुमारे ९७ मिनिटांपर्यंत कायमचं नुकसान आढळलं नाही. २४० मिनिटांनी, म्हणजे चार तासांनी, नुकसान प्रचंड आणि कायमचं होतं.

त्यामुळे "झोपून उठल्यावर बरं वाटेल" असं म्हणत थांबू नये. थेंब टाकून, गुलाबपाणी टाकून वाट पाहू नये. सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जावं. वेळेत पोहोचूनही नजर परत येईलच असं नाही, पण अशा माणसाला पुढच्या काही दिवसांत मेंदूचा झटका येण्याचा धोका असतो, आणि तो टाळता येऊ शकतो. काही मिनिटं अंधारी येऊन नजर परत आली, तरीही त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

उपचार प्राणवायूच्याच हिशेबावर

लेझरबद्दल घरोघरी भीती आहे. "लेझरने पडदा जाळतात म्हणे." हो, जाळतात, पण हिशेबाने. पडद्याच्या कडेच्या काही पेशी मुद्दाम निकामी केल्या की त्यांना लागणारा प्राणवायू वाचतो आणि मागच्या गालिच्यातून आतल्या थरांपर्यंत पोहोचतो. आइसलँडचे आयनार स्टेफान्सन यांनी हे मोजून दाखवलं. हाक थांबते, कच्च्या रक्तवाहिन्या सुकतात. अमेरिकेतल्या सतराशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत १९७६ सालीच दिसलं की गंभीर नजर जाण्याचं प्रमाण लेझरने निम्म्याहून कमी झालं. लेझर नजर वाढवायला नसतो, उरलेली वाचवायला असतो. हे आधी समजलं तर नंतर निराशा होत नाही.

दुसरा उपचार डोळ्यातलं इंजेक्शन. ते व्हीईजीएफची हाकच बंद करतं. २००६ मध्ये अमेरिकेत रॅनिबिझुमॅब मंजूर झालं, २०१५ मध्ये त्याचं भारतीय बनावटीचं स्वस्त रूप बाजारात आलं. कॅन्सरसाठी बनलेलं बेव्हॅसिझुमॅब त्याहून खूप स्वस्त पडतं, आणि म्हातारपणातल्या मॅक्युलाच्या आजारात ते जवळपास तितकंच काम करतं, असं २०११ च्या अमेरिकन चाचणीत दिसलं. डोळा बधिर करून सुई देतात, काही सेकंदांचं काम असतं. मात्र एका इंजेक्शनात भागत नाही. दर महिन्या-दोन महिन्यांनी जावं लागू शकतं. पहिल्यानंतर बरं वाटलं म्हणून सोडून देणं ही सर्रास होणारी चूक आहे. खर्च परवडत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि कमी खर्चाचा पर्याय विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मॅक्युलाच्या झिजेत गोळ्यांचा उपयोग मर्यादित आहे. २००१ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात ठराविक जीवनसत्त्वं आणि जस्त यांच्या गोळीने, मध्यम टप्प्यातल्या रुग्णांत आजार पुढच्या टप्प्यात जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटला. निरोगी डोळ्यांसाठी ती गोळी नाही. जुन्या मिश्रणातलं बीटा कॅरोटीन बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढवतं, म्हणून २०१३ नंतर त्याजागी ल्युटीन व झिअ‍ॅक्सँथिन आले. मेडिकलमधून परस्पर घेऊ नका.

मग जादा प्राणवायू का देत नाहीत?

हा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर मुलांच्या डोळ्यांनी दिलं. १९४० च्या दशकात कमी दिवसांच्या बाळांना काचेच्या पेटीत भरपूर प्राणवायू देत असत. बाळं जगली, पण हजारो आंधळी झाली. जादा प्राणवायूच यामागे असावा हे मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्ये दाखवून दिलं. अर्धवट वाढलेल्या पडद्याला तो सोसत नाही. आजही आपल्याकडे ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायचा नियम आहे. फार लहान बाळांचा दोन ते तीन आठवड्यांतच. घरात अशी नात किंवा नातू असेल तर डिस्चार्जच्या कागदावर ही तारीख शोधा.

मोठ्या माणसांत एक सुंदर कल्पनाही कसोटीवर उतरली नाही. रात्री पडद्याला जास्त प्राणवायू लागतो, मग झोपताना डोळ्यांवर मंद उजेडाची पट्टी बांधली तर? ब्रिटनमध्ये ३०८ मधुमेही रुग्णांवर दोन वर्षं हे करून पाहिलं. २०१८ मध्ये निकाल आला: फायदा नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २०२० साली २४ जणांवर रोज तीन मिनिटं गडद लाल उजेडाचा प्रयोग झाला, आणि चाळिशीपुढच्यांत रंग ओळखण्याची क्षमता थोडी सुधारली. पण २४ जण म्हणजे फार थोडे. त्यावरून ऑनलाइन लाल दिवे मागवून डोळ्यात मारू नयेत. "ऑक्सिजन थेरपी" आणि "पडदा साफ करणारे थेंब" यांचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेजही त्याच दृष्टीने पाहावेत.

जे खरोखर कामाचं आहे

ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासात, १९९८ साली, मधुमेहींचं ब्लडप्रेशर काटेकोर ठेवल्यावर नजर घसरण्याचा धोका ४७ टक्क्यांनी कमी झाला. शुगर आटोक्यात ठेवल्याचा फायदाही त्याच अभ्यासाने सिद्ध केला. बिडी-सिगारेटने मॅक्युलाच्या झिजेचा धोका दोन ते चार पट होतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर रक्त प्राणवायूच कमी नेतं, आणि मधुमेहात ते पडद्याला आणखी जड जातं. घरातल्या बायकांचं हिमोग्लोबिन कधी तपासलं होतं ते आठवून पाहा. जोरात घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडखळणाऱ्या मधुमेहींनी तेही डॉक्टरांना सांगावं.

घरी करायची चाचणी अगदी सोपी आहे. जवळचा चष्मा लावून एक डोळा झाका आणि बाथरूमच्या टाइल्सच्या रेषा किंवा रेघी वहीचं पान पाहा. मग दुसरा डोळा. रेषा वाकड्या दिसल्या, मध्ये डाग किंवा धुरकट भाग दिसला तर त्याच आठवड्यात पडद्याचे डॉक्टर गाठा. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा खराब डोळ्याची उणीव झाकतो, म्हणून महिनोन्‌महिने कळत नाही. मुलं दुबई-कतारला असतील तर व्हिडिओ कॉलवर एवढं करून घ्यायला दोन मिनिटं पुरतात.

पण ही चाचणी शुगरवाल्यांसाठी पुरेशी नाही. त्यांनी मधुमेह कळला त्याच वर्षी आणि पुढे दरवर्षी, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायलाच हवा. चष्म्याच्या दुकानातली नंबर तपासणी म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे. मोतीबिंदूच्या शिबिरातही "पडदा पाहिला का?" असं विचारा.

पनवेलमध्ये कुठे, कसं

कच्छी मोहल्ल्यापासून तळोज्यापर्यंत कुणालाही यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. डॉ. सुहास हळदीपूरकर यांनी उभी केलेली लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट पनवेलमध्ये उरण रोडवर आहे. नवीन पनवेलला शंकरा नेत्र रुग्णालय आहे, कामोठ्याला एमजीएम, आणि शहरात सरकारी उपजिल्हा रुग्णालय. जाण्याआधी फोन करून पडद्याचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात, खर्च किती येतो आणि सरकारी योजनेत काय बसतं, ते विचारून घ्या. बाहुलीचे थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसतं, त्यामुळे बाइकवर एकटे जाऊ नका, सोबत कुणीतरी न्या. जुने रिपोर्ट, शुगर-बीपीच्या गोळ्यांची नावं आणि शेवटचा एचबीएवनसी रिपोर्ट जवळ ठेवा.

मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आरोग्यसेविकांनी मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने दोनशेहून अधिक मधुमेहींच्या पडद्याचे फोटो काढले आणि इंटरनेटशिवाय चालणाऱ्या संगणक प्रणालीने ते तपासले. पुढे पाठवण्याजोगा एकही रुग्ण तिच्या नजरेतून सुटला नाही. असे कॅमेरे मोहल्ल्यातल्या आरोग्य शिबिरांत आणता येतात. जमात, मंडळं आणि संस्था शिबिर भरवतात तेव्हा चष्म्यांच्या वाटपासोबत ही मागणी करायला हरकत नाही.

रमजान आणि डोळ्यांचे थेंब

रोजे ठेवणाऱ्या मधुमेहींनी रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटून गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा ठरवाव्यात. पडद्याची वार्षिक तपासणीही तेव्हाच करून टाकली तर सोयीचं. मात्र इंजेक्शनची किंवा लेझरची तारीख रमजानात आली तर परस्पर पुढे ढकलू नका. जेद्द्याच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ च्या ठरावात डोळ्यांचे थेंब रोजा तोडणाऱ्या गोष्टींत धरलेले नाहीत, घशात आलेलं गिळलं नाही तर. मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा, इफ्तारनंतरची वेळ मागून घ्या, पण तारीख चुकवू नका.

दिसतंय तोवर तपासायचं, हाच या सगळ्याचा अर्थ. या महिन्यात घरात ज्यांना शुगर किंवा बीपी आहे आणि ज्यांचं वय साठच्या पुढे आहे, त्यांची नावं एका कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर पडदा शेवटचा कधी तपासला ते वर्ष लिहा. जिथे जागा रिकामी राहील, तिथून सुरुवात करा.